नाकाचं हाड

आमच्या आत्याला खोटं बोलता येत नसे. उरणच्या बाजारात ती मासळी विकायची आणि गिऱ्हाइकाने पाटीत हात घातला की स्वतःच म्हणायची, "ती कालची हाय. नको नेऊ." वडील कपाळाला हात लावायचे. धंदा मात्र कधी बुडाला नाही.

अशा बाईने आयुष्यात एकच खोटं निभावलं, तेही माझ्यासाठी. मी शाळेत असताना मला बाजूचं दिसेनासं झालं. दाराच्या चौकटीला आपटायचे, सकाळी उलट्या व्हायच्या. मुंबईच्या डॉक्टरांनी मेंदूच्या तळाची गाठ नाकावाटे दुर्बीण घालून काढली. डोक्यावर ना टाके, ना टक्कल. मग वडिलांनी ठरवलं, लोकांना नाकाचं हाड वाढलं होतं असं सांगायचं. डोक्याचं ऑपरेशन झालेली पोर कोण करून घेणार? आत्या महिनाभर माझ्यामागे असायची, "शिंक आली त तोंड उघड. नाक शिंकरू नको." कोणी विचारलं की खाली बघून सांगायची, "हाड वाढलं व्हतं."

काही वर्षांनी मला बघायला पेणची मंडळी आली. चहाला मदत करायला शेजारची वहिनी आली होती. कप भरता भरता ती आत्याला म्हणाली, "आमची पिंकी हल्ली भिंतीला आपटते, सकाळची ओकते. तुमच्या हिचं असंच व्हतं ना? म्हणून आमी नाकाच्या डॉक्टरला दाखवलं. तो बोलतो, हाड सरळ हाय."

आत्याने ट्रे खाली ठेवला. बाहेर पाहुण्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "हाड नव्हतंच. हिचे डोक्यान गाठ व्हती. पोरीला आजच मुंबयला ने."

पाहुणे चहा न घेताच उठले. मी आत्यावर धुमसत राहिले, त्याची अजून लाज वाटते.

पिंकीचीही गाठ निघाली, तशीच नाकावाटे. एक डोळा वाचला. दुसऱ्याला उशीर झाला होता. वहिनी पेढे घेऊन आली आणि आत्याच्या पाया पडायला वाकली, तशी आत्या मागे सरली. "पाया नको पडू. तो डोळा मी घालवला." वहिनीने तिला कधी बोल लावला नाही. तरी आत्या शेवटपर्यंत ओट्यावर त्यांच्या घराकडे पाठ करूनच बसायची.

पुढच्या स्थळाला तिने दारातच सगळं सांगून टाकलं. मुलाच्या आईने ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "आता बरी हाय ना पोर?"

मी हरखून आत्याकडे पाहिलं. ती तोंडाला पदर लावून रडत होती. एवढ्याशा प्रश्नाला आम्ही घाबरलो होतो, आणि त्यापायी पिंकीचा डोळा गेला होता.