इस्त्री केलेलं शीड

जेवणाची सुट्टी झाली आहे. स्टुडिओच्या मागच्या अंगणात पाण्याचा मोठा हौद आहे आणि त्याच्या कडेला, ताडपत्रीच्या घडीवर, सुरंगी मेस्त्री आडवी झाली आहे. झोपायचं नाही असं तिनं स्वतःला बजावलंय. पण वरणभात पोटात गेला की बजावलेलं कोण ऐकतं? जनरेटर घुमतो आहे. डोळे मिटतात, उघडतात, परत मिटतात.

हौदात तिच्या वडिलांनी घडवलेलं गलबत तरंगतंय. माणसाएवढ्या लांबीचं, खऱ्या गलबताची हुबेहूब छोटी प्रत. सिनेमात ते चाच्यांच्या तावडीतून आणि वादळातून सुटून किनाऱ्याला लागतं. गजानन मेस्त्रींनी सिनेमांसाठी जन्मभर अशी जहाजं बांधली, त्यातलं हे शेवटचं. ते पाण्यात उतरायच्या आधीच मेस्त्री गेले. तेव्हापासून लेक त्याला तळहाताच्या फोडासारखं जपते. आणि आज सकाळी दिग्दर्शक निरंजननं कॅमेऱ्यातून पाहिलं आणि तो ओशाळून म्हणाला, "ताई, खेळणं वाटतंय हो. ऊन कललं की शेवटचं एकदा बघू. नाही जमलं तर कॉम्प्युटरवर करून घेतो." म्हणजे बाबांचं शेवटचं काम पडद्यावर येणारच नाही.

"काय गो सुरंग्या, जेवलंस?"

हौदाच्या कठड्यावर गजानन मेस्त्री बसले आहेत. लेंगा गुडघ्यापर्यंत वर घेतलाय, पाय पाण्यात. ते कधी आले, कसे आले, हे तिला विचारावंसं वाटत नाही. ते आहेत, एवढंच पुरे आहे.

"जेवलंय. तुमी?"

"माका आता कसली भूक!" ते हसतात आणि उठून सरळ गलबतावर चढतात. गलबत त्यांना पुरतं. तीही मागोमाग चढते, तिलाही पुरतं. पायाखाली फळ्या असायला हव्यात, पण शेणानं सारवलेली जमीन लागते. ही तर मालवणच्या घराची पडवी. पडवीचा खांब वर वर जातो, त्याची डोलकाठी होते, आणि डोलकाठीला ते शीड, पांढरंशुभ्र, एक सुरकुती नाही.

मेस्त्री शिडाला बोट लावतात. "ह्याका इस्त्री कोणी केली?"

"मीच."

"आणि लाकडाक तेल?"

"ता पण मीच. रोज सकाळी पुसतंय."

"वादळ खाऊन इलेला गलबत मां ह्या? की लग्नाक निघाला?"

तिला हसू येतं आणि लगेच रडूही येतं. बाबा तिची अशीच खोड काढायचे. आजूबाजूला आता समुद्र आहे, शेवटच नसलेला, आणि पडवी संथ हलते आहे.

"गलबतार माणसां रवतत," मेस्त्री समजावतात. रागावणं त्यांना कधी जमलंच नाही. "मग त्येंची धुणी खंय वाळतत? धरून धरून दोरी खंय काळी झाली? फाटलेल्या शिडाक ठिगळ कोणी लावला? लोकांक लाकूड दिसणा नाय गो, वापर दिसता. वापर दिसलो की तेंका खरा वाटता."

"माका कळता ता!" ती जवळजवळ ओरडते. "पण तुमचो शेवटचो हात ह्याच्यार फिरलो, बाबा. मी ह्याका डाग पाडूचंय नाय."

मेस्त्री मागे वळतात. पडवीच्या कोपऱ्यात चूल पेटलेली आहे, तिच्यावर टोपात पेज रटरटते आहे. ती मघाशी नव्हती, पण सुरंगीला त्याचं काही वाटत नाही. पेजेचा वास येतो.

"माझो हात लाकडात आसा, बाय. तू माका पॉलिशात कित्याक शोधतंस?"

आणि ते वाकतात, टोपाच्या बुडाची काजळी अंगठ्याला घेतात आणि त्या पांढऱ्याशुभ्र शिडावर, चुलीच्या बरोबर वर, अंगठा दाबतात. सुरंगी "अगे आये!" म्हणून पुढे धावते. पायाखालची जमीन पाणी होते.

"ताई! ताई, उठा!"

निरंजन कठड्यावर उभा आहे. ऊन कललंय. त्याच्या हातात ओलं फडकं आहे आणि तो घाबराघुबरा झालाय. "शिडावर कुणीतरी डाग पाडलाय. शपथ सांगतो, इथं कुणी आलं नव्हतं. फक्त तुम्ही झोपला होतात. थांबा, मी पुसतो."

सुरंगी त्याचं मनगट धरते. "पुसू नकोस. आधी कॅमेऱ्यातून बघ."

तो बघतो. बराच वेळ डोळा काढत नाही.

"चुलीचा धूर लागल्यासारखं दिसतंय. आत कुणीतरी स्वयंपाक करतंय," तो हळूच म्हणतो. मग आवाज चढवतो, "ताई, ह्याच्यावर माणसं आहेत हो!"

"अजून धुणं वाळत घालायचंय," सुरंगी म्हणते. "दोऱ्या मळवायच्यात. अर्धा तास दे मला."

तो माणसांना हाका मारत पळतो. ती गुडघाभर पाण्यात उतरते, गलबताजवळ जाते. स्वतःचा अंगठा बघते, तो स्वच्छ आहे. मग तोच अंगठा ती शिडावरच्या काजळीच्या ठशावर अलगद टेकवते. तिच्या अंगठ्याच्या चहूबाजूंनी काळं उरतं.