रणोजीरावांचे मोड

रणोजीरावांचं आयुष्य एकाच वैतागात गेलं. लोकांना ढग नको असतात.

चामराजपुरमच्या शाळेत चित्रकला शिकवून ते निवृत्त झाले, पण त्यांचा जीव अडकलेला रविवारात. रविवारी बस धरायची, पिरियापट्टणच्या अलीकडं कुठंतरी उतरायचं, तंबाखूच्या रानाच्या बांधावर घडीचं स्टूल टाकायचं आणि आभाळाकडं बघत बसायचं. खाली नांगरून टाकलेली तांबडी माती. वर उन्हाळा संपता संपता जमणारे, पाण्याचा थेंब न देता नुसते गुरगुरणारे ढग. त्या ढगांच्या पोटाला खालच्या मातीचा तांबूस रंग लागलेला असतो. तो रंग कागदावर उतरला की रणोजीरावांना जेवणाची आठवण राहत नसे.

आणि एवढं करून चित्र घरी आणावं, तर बघणारा म्हणणार, "फार छान, सर. जरा ऊन घातलं असतं तर?" एकानं मोर घालायला सांगितला. एक डॉक्टर म्हणाला, कोपऱ्यात चामुंडी बेट्टा बसवा. पिरियापट्टणच्या रानात शहराजवळचा डोंगर! परक्यांचं सोडा, घरात बायको, तुळसीबाई, म्हणायच्या, "लांबनं बघितलं तर भिंतीला ओल आल्यागत दिसतंय हो."

अशा माणसाला सुष्मा भेटली. नवऱ्याच्या नोकरीपायी पुण्याहून आलेली, त्यांच्याच शहरातल्या विजयनगरात नवं घर घेतलेली. कुठल्याशा प्रदर्शनात मराठी बोलणारा चित्रकार बघून तिला माहेरचं माणूस भेटल्यासारखं झालं. "काका, वास्तुशांतीच्या आधी मला एक शेत काढून द्या. मोठ्ठं." रणोजीरावांनी हो म्हटलं, पण मनात म्हणाले, आता ही ऊन मागणार.

पुढच्या रविवारी बांधावर बसले आणि आभाळ असं काही भरून आलं, की त्यांना राहवेना. आधीच विचारलेलं बरं म्हणून त्यांनी तिला फोन लावला.

इथं एक गोष्ट सांगायला हवी. रणोजीरावांच्या घरात चार पिढ्या मराठी चालत आली, पण ढगाला त्यांच्याकडं मोड म्हणतात. शब्द कानडी. आपण कानडी बोलतोय हे मात्र त्यांच्या घरात कुणाच्या गावी नाही.

"सुष्माताई, मोड आलेत! सगळं रान मोड-मोड झालंय. किती घालू?"

"अय्या, मोड आलेत? भरपूर घाला की काका! मोडांनी भरून टाका!"

रणोजीराव फोन हातात धरून बसून राहिले. सहासष्टाव्या वर्षी पहिल्यांदा कुणीतरी आणखी ढग मागितले होते. त्या दिवशी त्यांनी रंगवलं तसं कधीच रंगवलं नव्हतं. पाऊण कागद आभाळ, खाली बोटभर माती.

चित्र काचेत बसवून त्यांनी स्वतः विजयनगरला नेलं. सुष्मानं वरचा कागद सोडला, बघितलं, मागंपुढं झाली, आणि म्हणाली, "काका... मोड कुठायत?"

"म्हंजे? डोळ्यासमोर आहेत की!"

"हे तर ढग आहेत."

"ढगच की. मोड म्हंजे आणि काय?"

"मोड म्हणजे कोंब! मटकीला येतात ते. मला वाटलं, शेतात पीक उगवून आलं की तुमच्याकडे मोड आले म्हणतात. मी सासूबाईंनासुद्धा सांगितलं, सगळं हिरवंगार येणार म्हणून."

"अय्यो कर्मा!" रणोजीराव मटकन सोफ्यावर बसले. "तंबाखूच्या रानात मटकी कोण पेरतंय, बाई?"

सुष्माला हसू आवरेना आणि आपण हसतोय याची लाजही वाटेना. "सॉरी काका. पण नव्या घरात पहिलंच चित्र आणि इतकं काळं... एवढं आभाळ निळं करून खाली हिरवे कोंब घालता येतील?"

"हे वॉटरकलर आहे. यात काळ्याचं निळं होत नाही."

"मग थोडा पांढरा लावून?"

रणोजीरावांनी चित्र पुन्हा कागदात गुंडाळलं. "दुसरं काढून देतो. कबूल केलंय म्हणून," एवढं म्हणाले आणि निघाले.

घरी तुळसीबाईंना हकिकत सांगायला गेले, तर त्या पदर तोंडाला लावून हसायला लागल्या.

"साकु साकु! पुरे झालं. हसायचं काय आहे त्यात?"

"नाही, पण मटकी..."

"ती पुण्याची बाई आहे, तिला कळलं नाही. तुला तर कळतं ना मोड म्हंजे काय? चाळीस वर्षांत एकदा तरी म्हणालीस, आणखी घाला म्हणून?"

तुळसीबाईंचं हसू थांबलं. त्यांनी चित्रावरचा कागद सोडला आणि चार पावलं मागं जाऊन बघितलं. "खरं सांगू? आमटीवर झाकण ठेवल्यागत वाटतंय. पण हे विकू नका." ही स्तुती की निंदा, ते रणोजीरावांना कळेना, त्यामुळं ते आणखीच चिडले.

रविवारी पुन्हा बस, पुन्हा तो बांध. तंबाखूच्या शेजारच्या पट्ट्यात चवळी नुकती वर आली होती. दोन-दोन पानांची, जमिनीला ढुशी मारून निघालेली, डोक्यावर मातीचं ढेकूळ घेतलेली पोरं. रणोजीरावांनी आधी रागारागानं काढली, मग वाकून वाकून काढली. चिडायलाही वाव ठेवला नव्हता कोंबांनी, इतके नेमके होते. वर आभाळ मात्र निळंशार, रिकामं. त्या रिकामपणाकडं त्यांना बघवेना. त्यांनी फोन लावला.

"सुष्माताई, एक मोड घालू? वरचा. एकच."

पलीकडं हसणं दाबल्याचा आवाज आला. "घाला की काका. पण पांढरा हं!"

रणोजीरावांनी कपाळावर हात मारला. वॉटरकलरमध्ये पांढरा ढग रंगवत नाहीत. तेवढा कागद कोरा सोडतात. म्हणजे सगळ्या जगाला रंग द्यायचा आणि ज्याच्यासाठी आलो त्याला हात लावायचा नाही.

"ही बाई माझा जीव घेणार," ते बांधावर एकटेच म्हणाले, आणि निळ्यात ब्रश बुडवून, फार सांभाळून, ढगाच्या कडेकडेनं आभाळ रंगवायला लागले. कडा धरता धरता ढग जरा मोठाच झाला. जवळजवळ अर्धा कागद.