बेंबी नसलेलं बाळ

कोणाचंही बाळ दिसलं की सुईणबाई आधी झबलं वर करून त्याची बेंबी बघायची, तोंड मागाहून. म्हणायची, "तोंड काय, बदलते. बेंबी नीट सुकली की लेकरू जगलं." अकोल्यातल्या आमच्या वस्तीत निम्मी माणसं तिच्या हातची. माझी तिन्ही मुलंही.

बोलायला गोड नव्हती. बाळंतीण ओरडली की दटावायची, "काहून बोंबलून राहिली? मरिया गोठ्यात बायतीण झाली, तुले तर खाट हाय." बाळंतपण उरकलं की लोक तिला मागच्या दारी चहा देत. कप वेगळा, तोही तिनंच विसळायचा. रक्तात हात घातलेली बाई ना! ती कप विसळत म्हणायची, "माह्या देवाले बी कोणीतरी असंच हातात घेतलं असन. त्याले नाही चालला विटाळ?" पुढे बायका दवाखान्यात जाऊ लागल्या. तिचं काम सुटलं, बोलणं सुटलं नाही.

एका नाताळला पाळकसाहेबांनी पाट्या रंगवणाऱ्या पेंटरकडून उघड्या अंगाच्या येशूबाळाचं मोठं चित्र करून घेतलं. चर्चची झाडलोट माझ्याकडे, म्हणून मी तिथंच होते. पेंटर शेवटचा हात मारत होता. सुईणबाई काठी टेकत आली आणि चित्राला नाक लावून उभी राहिली.

"साहेब, याले बेंबी नाही."

पेंटर हसला. पाळकसाहेब म्हणाले, "बाई, देवाचं चित्र आहे. भाव समजून घ्या."

"भावाले नाळ नसते, साहेब. हा आईच्या पोटातून आला का आभाळातून टपकला? माणूस झालाच नसन, तर आमचं दुखणं त्याले काय कळते?"

तिची स्वतःची दोन मुलं जन्मताच गेली होती. पाळकसाहेबांना ते माहीत नव्हतं. मला होतं.

तिनं पेंटरच्या डब्यात अंगठा बुडवला आणि बाळाच्या पोटावर दाबला. ठसा जरा वरच बसला. मग कोणाकडे न बघता निघून गेली.

पाळकसाहेबांनी मला टर्पेंटाइनचा बोळा दिला. "सुकायच्या आत पुसा."

मी चित्राजवळ गेले. अंगठ्याच्या रेघा स्पष्ट उमटल्या होत्या.

"मी नाही पुसत," म्हटलं. "पुसाची असन तर तुमीच पुसा."

बोळा त्यांच्या हातात परत दिला. ते बोळा खिडकीत ठेवून घरी गेले.

उन्हाळ्यात ती वारली. शेवटची आंघोळ आम्ही चौघींनी घातली. मागच्या दारी चहा देणाऱ्यांपैकी एकही आली नाही. मला नवल वाटलं नाही.

यंदा नवे पाळक आलेत. नाताळचं सामान काढताना त्यांनी माझ्याकडे ओला फडका मागितला. म्हणाले, "आजी, बाळाच्या पोटावर डाग पडलाय."

"बेंबी हाय ते," म्हटलं. "हात नका लावू."