आतून कडी लावायची नाही

नव्वदीच्या सुरुवातीची गोष्ट. जयनगरच्या आमच्या घरात बायको काकडी चोचवता चोचवता कोसळली. डोळे वर, हातपाय ताठ, तोंडाला फेस. आई ओरडली, "अरे, कांदा फोडून हुंगव तिला!" चातुर्मास चालू, घरात कांदा कुठला? मी शेजारी धावलो. जन्म बंगळूरात गेला, पण त्या क्षणी कानडीचं एक वाक्य जुळेना. नुसताच "ईरुळ्ळी, ईरुळ्ळी" करत राहिलो. शेजारच्या अक्कांना वाटलं, आमच्याकडे चोरून कांदाभजी चालली आहेत. कांदा आणेपर्यंत झटका ओसरला होता. तरी तो मुठीत धरूनच मी तिला रिक्षात घातलं.

स्कॅनमध्ये मेंदूत ठिपके दिसले. डॉक्टर म्हणाले, "फीतकृमीची अंडी पोटात गेली. अळ्या मेंदूत जाऊन बसल्यात."

"अंडी?" आई उसळली. "आमच्याकडे अंड्याचा केकसुद्धा येत नाही!"

"मांसाचा प्रश्न नाही, अम्मा. मैलापाण्यावर वाढलेली भाजी, नीट न धुता कच्ची खाल्लेली. नाहीतर कुणाचे तरी न धुतलेले हात."

"मी सोवळ्यात करते कोशिंबीर!"

खरंच करायची. ओलेत्यानं, कुणाला शिवू न देता; काकडी चोचवायला बायकोही न्हाऊनच बसायची. कोथिंबिरीवर मात्र पाण्याचा एक हबका, की झालं.  घरी आल्यावर आई जेवली नाही.

बायकोला दाखल करून औषध सुरू झालं, तशी डोकेदुखी वाढली. अळ्या मरताना सूज येते, असं डॉक्टर समजावत. बायको उशीत डोकं खुपसून विचारायची, "अहो, अळ्या आधी मरतील की मी?" एरवी मला प्रत्येक गोष्टीवर विनोद सुचतो. तेव्हा नुसती तिची पाठ चोळत राहिलो.

ती घरी आली, पण झटके अधूनमधून येतच राहिले. गॅसपाशी एकटीनं उभं राहायचं नाही, न्हाणीघराला आतून कडी लावायची नाही. मग मी खांद्यावर पंचा टाकून दाराबाहेर स्टुलावर.

"आहेस ना?"

"आहे."

"आहेस ना?"

"आहे हो! जाते कुठे?"

एकदा उत्तर आलं नाही. मी दार ढकलून आत घुसलो. ती पाटावर बसली होती, मांडीवर रिकामा तांब्या, रडत.

"एकदाच मला कडी लावून आंघोळ करू द्या."

ते कधी जमेल, हे डॉक्टरांनाही सांगता येत नव्हतं. मी बाहेर आलो, दार ओढलं, पूर्ण नाही.

"आहेस ना?"

आत तांब्या आपटल्याचा आवाज आला. तेच "आहे" समजून मी भागवलं.