टेबलावरचा विमानतळ

पेणला रोह्याच्या एसटीची वाट बघताना हायवेलगतच्या मावशींच्या टपरीत हे गृहस्थ मला नेहमी भेटतात. रस्त्यांचं नियोजन करणाऱ्या कुठल्याशा ऑफिसात ते आहेत. नाव मी कधी विचारलं नाही. सगळे त्यांना साहेब म्हणतात आणि त्यांचीही त्याला हरकत दिसत नाही.

बसल्या बसल्या ते आधी आमचे कप बाजूला सारतात. मग त्यांचा कप म्हणजे पनवेलकडचा विमानतळ, चमचा म्हणजे नवा महामार्ग आणि काडेपेटी म्हणजे आमचं पेण. "आपण असं धरून चालू," हे त्यांचं लाडकं वाक्य. मीही धरून चालतो. इथल्या खड्ड्यांतून चालताना काहीतरी धरावंच लागतं.

परवा विमानतळ वाढला. कप पुरेना, म्हणून साहेबांनी तिथे मावशींची किटली ठेवली आणि चमच्याला चमचा जोडून रस्ता रुंद केला.

"यात माजी टपरी कुठं हाय?" मावशींनी विचारलं.

साहेबांनी मोठ्या मायेने चमच्यांलगत एक बिस्किट ठेवलं. मान तिरकी करून पाहिलं. मग तिसरा चमचा मागवला. तो काही मावेना, तेव्हा त्यांनी बिस्किट उचललं, चहात बुडवलं आणि खाऊन टाकलं.

"आता काही अडचण नाही," ते म्हणाले.

मावशींनी फडक्यात धरून किटली उचलली आणि पलीकडच्या गिऱ्हाइकाला चहा ओतायला निघाल्या.

"अहो मावशी, विमानतळ!" साहेब ओरडले.

"किटली हाय ती," मावशी म्हणाल्या. "माजी."