बसकं नाक

डाळीच्या पिठात हळद कालवल्याचा वास आला, की मला मुळशीतल्या सासरची न्हाणी आठवते. माझ्या महिन्याच्या लेकीला न्हाऊ घालायला सासूबाईंनी गावातल्या मावशींना बोलावलं होतं. बादलीतून वाफा निघत होत्या. मी पाण्यात कोपर बुडवलं, तर चटकाच बसला. मी लेकीला त्यांच्या पायांवरून उचललं. "एवढं कढत पाणी नको, आणि पीठही नको. तिला पुरळ आलंय." मावशी फणकारल्या, "आन् नाक कोण वडणार? बसकं ऱ्हाईल की!" "राहू दे," मी म्हणाले आणि कोमट पाण्यानं, बिनवासाच्या साबणानं मीच तिला न्हाऊ घातलं. आज लेकीचं नाक बसकंच आहे. सासूबाई पाहुण्यांना सांगतात, "हिच्या आईचा हट्ट, दुसरं काय!" मी चहा देता देता ठासून सांगते, "हो, माझाच."