मधल्या पाण्यातले तीन ठोके

साल २००६, मे महिना. नागभीडच्या पुढचा मासळीचा तलाव, वर्षाचा ठेका बावीस हजार. हजर माणसं सहा : मी, माझा भागीदार मारोतीभाऊ ढिवर आणि त्याचे चार जाळेवाले. मी हिशेबी माणूस. भुताखेताच्या गप्पा निघाल्या की मी उठून चहा सांगायला जातो. तरीही हे लिहितोय...

त्या उन्हाळ्यात तलाव पोपटी झाला. मारोतीभाऊच्या दोन म्हशी मेल्या. मी नागपूरच्या एका कॉलेजातल्या मॅडमना बोलावलं.

"सगळी शेवाळं दिसायला सारखीच," त्या म्हणाल्या. "विष तयार करणाऱ्या शेवाळात तसा जीन, म्हणजे जनुक, असतो. तो शोधावा लागतो."

तलावाच्या धुण्याच्या घाटावरून त्यांनी बाटल्या भरून नेल्या. आठवड्यानं फोन आला — जीन सापडला नाही. म्हशी दुसऱ्या कशानं गेल्या असतील.

पाणी आटत होतं. मासळी काढली नाही तर आमचं वर्ष बुडणार होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी जाळं लावलं, चौघं कमरेइतक्या पाण्यात उतरले.

आमच्याकडे एक जण डोंग्यातून पाण्यावर काठी आपटत मासे जाळ्याकडे हाकतो. ते काम मारोतीभाऊचं. आणि त्याच्या घरची एक खूण आहे — थांबून थांबून तीन ठोके, म्हणजे जाळं सोडा, बाहेर निघा.

डोंगा अजून काठावर पालथा होता. मारोतीभाऊ माझ्या शेजारी उभा होता. आणि तलावाच्या मधोमध ठोका वाजला... मग दुसरा... मग तिसरा.

"कोन होय बे तिकडे?" मारोतीभाऊ ओरडला.

कोणी नव्हतं. पाण्यावर फक्त एक वर्तुळ पसरत होतं.

"निघा रे बाहीर."

"मारोतीभाऊ, रिपोर्ट चांगला आहे. मासा उडाला असेल."

"मासा मोजून उडते काय, भाई? तुमचा रिपोर्ट तुमी पांघरून झोपा. मी पोरं पान्यात ठेवत नाई."

चौघं निघाले. मी चिडलो. त्याची शंका फिटावी म्हणून त्याला डोंगा हाकायला लावला आणि त्याच जागेचं पाणी भरून आणलं.

परतताना घाटाचे बांबूचे तट्टे दिसले. धुण्याच्या पाण्यात शेवाळ येऊ नये म्हणून गावकरी ते रोवतात. मॅडमच्या सगळ्या बाटल्या तट्ट्यांच्या आत भरल्या होत्या! म्हशी मात्र पार मधे डुंबायला जात.

मधलं पाणी नागपूरला पाठवलं. पुन्हा फोन आला. मॅडमचा आवाज बदललेला. "हे पाणी कुठलं? जीन आहे, भरपूर आहे. कोणालाही उतरू देऊ नका, मासेही विकू नका."

म्हशींचं कोडं सुटलं. ठोक्यांचं नाही. मॅडम म्हणाल्या, तळातल्या गॅसचे बुडबुडे फुटले असतील. असतीलही... पण थांबून थांबून, बरोबर तीन? सहाही जणांनी ऐकले.

मासळी गेली, वर्ष गेलं. चौघांना त्या दिवसाची मजुरी दिली, प्रत्येकी साठ. हाकणाऱ्याचे साठ मारोतीभाऊपुढे धरले, तर त्यानं हात मागे घेतला.

"मी कुठी काठी मारली, भाई? ज्यानं मारली त्याले द्या."

दिले एकूण दोनशे चाळीस. उरलेले साठ कोणाला द्यायचे, ते मला आजही माहीत नाही.